गुरुवार, संध्याकाळचे साडेसात

आमच्या घरी गुरुवारच्या दोन गोष्टी कधी चुकल्या नाहीत, आईचा उपास आणि माझी एंट्री. टेनिसच्या खालच्या सर्किटवर, जिथे मी खेळायचे, तिथल्या टूर्नामेंटच्या एंट्र्या गुरुवारी दुपारी दोनला बंद व्हायच्या जीएमटीप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. आई तेव्हा देवापाशी, दत्ताची आरती चालू, आणि मी बाहेरच्या खोलीत मांडीवर लॅपटॉप घेऊन अडीच आठवड्यांनी जगाच्या कुठल्या कोपऱ्यात जाऊन हरायचं ते ठरवत बसलेली. नेट गेलं की मी किंचाळायचे, आई आरती न थांबवता नुसती हाताने खूण करायची, मोबाईलचं लाव म्हणून.

परवा क्लासमधल्या एका मुलीच्या आईने विचारलं, "मॅडम, तुम्ही प्रोफेशनल होतात म्हणजे नक्की काय करत होतात हो?" प्रश्न खवचट नव्हता, खरंच माहीत नव्हतं बिचारीला. पण मला काही दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून हे लिहायला घेतलं. लोकांचे प्रश्न ठरलेले असतात, सानियाबरोबर खेळलीस का (नाही), टीव्हीवर कधी दिसलीस (नाही), विंबल्डन खेळलीस का (अहो नाही). माझं बेस्ट रँकिंग सातशेच्या जरासं आत. सातशे म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो की जणू मी एटीकेटी लागलेली सांगितली. आता साताऱ्यात दुसऱ्या कुठल्या गोष्टीत जगात सातशेवा आलेला माणूस मला दाखवा, मग बोलू. असो.

तर मी मूळची साताऱ्याची, जन्म १९९३. बाबा बँकेत, आई घरी शिवणकाम करायची. टेनिस कसं काय सुरू झालं तर बाबांच्या साहेबांना पार्टनर लागायचा म्हणून बाबा खेळायला लागले आणि त्यांच्या मागे मी. क्ले कोर्ट, रोज संध्याकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, हे सगळं मी आठव्या वर्षी शिकले, फोरहँडच्या आधी. मग आलं २००५. त्या वर्षी फेब्रुवारीत सानिया मिर्झा हैदराबादची डब्ल्यूटीए टूर्नामेंट (डब्ल्यूटीए म्हणजे बायकांची सगळ्यात वरची प्रोफेशनल टूर) जिंकली, नंतर यूएस ओपनला चौथ्या राऊंडपर्यंत गेली, आणि आमच्यासारख्या बाराएक वर्षांच्या पोरींचं जे काय झालं ते त्या वयात त्या वर्षी टेनिस खेळणाऱ्यालाच कळेल. सगळ्यांना नाकात रिंग पाहिजे होती. मी पण घातली, सुजली, काढली. बाबांनी पेपरातली कात्रणं जपून ठेवली, आणि तेव्हाच कधीतरी त्यांच्या डोक्यात आलं असणार की पोरगी बरी खेळतीय, पुण्याला न्यायला पाहिजे.

पुढच्या वर्षी आई आणि मी पुण्याला आलो, एरंडवण्यात एका आजींच्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन, आणि बाबा साताऱ्यातच राहिले. शनिवारी दुपारची एसटी पकडून स्वारगेटला यायचे, रविवारी माझी मॅच बघायची, रात्री परत. सात-आठ वर्षं असंच चाललं. पुण्यात तेव्हा वातावरण फार भारी होतं. डेक्कन जिमखाना होता, भांडारकर रोडला पीवायसी क्लब होता, आणि कुठून कुठून मुली यायच्या. अंकिता रैना अहमदाबादहून आलेली, पीवायसीवर हेमंत बेंद्रे सरांकडे शिकायची, आमचं जन्मवर्ष एकच. सोलापूरकडच्या मुलींमध्ये बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेचं नाव व्हायला लागलं होतं. मी दुसऱ्या एका सरांकडे होते. पहाटे साडेपाचला हनुमान टेकडी, सात ते दहा कोर्ट, मग शाळा (म्हणजे शाळेत तोंड दाखवणे), परत चार ते सात कोर्ट. राज्य पातळी, मग ऑल इंडियाच्या टॅलेंट सीरीज, चॅम्पियनशिप सीरीज, नॅशनल्स. अंडर सिक्स्टीनला मी देशात पहिल्या दहात होते. या "पहिल्या दहात"ने आमचा घात केला असं मी आता म्हणते, कारण त्यावरून पुढचं सगळं गृहीत धरलं गेलं.

आणि आता ती चूक, जी मी प्रत्येक आईबापांना सांगते. २०११ ला बारावी झाली तेव्हा अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचचा मेल आला होता, फुल स्कॉलरशिप. तिकडे कॉलेज टेनिसचा नियम तेव्हा असा होता की डिव्हिजन वनमधल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या, प्रत्येक टीमला मुलींसाठी आठ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या आणि मुलांच्या टीमला साडेचार. कारण त्यांच्या फुटबॉलमध्ये मुलांना ढीगभर स्कॉलरशिप जातात आणि कायद्याने मुलामुलींना समान संधी द्यावी लागते, म्हणून मग मुलींच्या टेनिसला जास्त. म्हणजे टेनिसमध्ये मुलगी असण्याचा फायदा होणारी बहुधा एकमेव जागा, आणि ती आम्ही सोडली. का? तर सर म्हणाले कॉलेजला गेली की संपली, तिकडे मुली जाड होऊन येतात. आणि बाबांना वाटलं चार वर्षं फुकट जातील. त्या मेलला आम्ही उत्तरसुद्धा नीट दिलं नाही. पुढे ऋतुजा भोसले टेक्सासला गेली, टेक्सास ए अँड एमकडून खेळली, परत आली, प्रो खेळली आणि २०२३ ला हँगझाऊच्या एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्डचं गोल्ड घेऊन आली. काही जाड वगैरे झाली नाही. आणि ते दार नंतर ठोठावून उघडत नव्हतं, बारावीनंतर जास्त वेळ घालवला, प्रो खेळून बक्षिसाचे पैसे घेत राहिलं की त्यांच्या तेव्हाच्या नियमात तुम्ही बसत नव्हतात.

प्रोफेशनल कसं होतात? काही नाही होत. कुणी पत्र देत नाही, शपथ नसते. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) साईटवर आयपिन नावाचा नंबर काढायचा, वर्षाची फी भरायची, एंट्री टाकायची, झालात प्रोफेशनल. मग गुरुवारनंतर अ‍ॅक्सेप्टन्स लिस्ट लागते, त्यात मेन ड्रॉ (थेट मुख्य स्पर्धेत), क्वालिफाइंग (आधी पात्रता फेरी खेळायची) आणि ऑल्टरनेट (कोणी गळलं तरच आत) असे तीन थर, आणि पहिली दोन वर्षं आमचं नाव शोधायला पान खाली खाली खाली न्यायला लागायचं. एका आठवड्याला तीन-चार ठिकाणी नंबर लावून ठेवायचे, मंगळवारी परत संध्याकाळी साडेसातला विथड्रॉवलची वेळ, तोपर्यंत लिस्ट हलत राहते. कोण आजारी पडलं, कुणाचा व्हिसा नाकारला, की आपण दोन नंबर वर. दुसऱ्याच्या व्हिसासाठी नवस बोलायचा बाकी होता, उलटा.

तेव्हा सगळ्यात खालची टूर्नामेंट दहा हजार डॉलरची असायची. ऐकायला भारी वाटतं, पण ही रक्कम अख्ख्या टूर्नामेंटची, सिंगल्स डबल्स सगळं धरून. सिंगल्स जिंकणारीला १,५६८ डॉलर, आणि मेन ड्रॉच्या पहिल्या राऊंडला हरलीस तर ९८. क्वालिफाइंगला तर शून्य, तिथे तीन मॅच जिंकल्या तरी पैसा नाही, पॉइंट नाही, फक्त मेन ड्रॉमध्ये नाव जातं आणि मंगळवारी तुम्हाला दमलेल्या अवस्थेत टॉप सीड मिळते. क्वालिफाइंगला चेअर अंपायर पण कितीदा नसायचे, एक जण चार कोर्टांवर फिरत असायचा, लाईन कॉल आपले आपण द्यायचे, आणि समोरची जर चाप्टर असेल तर लाईनवरचा बॉल हमखास आऊट. सुरुवातीला मी भांडायचे नाही. मग शिकले.

माझा पहिला डब्ल्यूटीए पॉइंट, म्हणजे ज्यावर रँकिंग ठरतं तो, दिल्लीत आला, मे महिन्यात, दुपारी दीडच्या मॅचला. हार्ड कोर्ट, बुटाच्या तळव्यातून चटके. पहिला सेट मी सहा-चार घेतला, दुसऱ्यात तीन-एक पुढे होते आणि समोरची मुलगी खाली बसली ती उठलीच नाही, क्रॅम्प्स आणि उलट्या. रिटायर्ड हर्ट. मेन ड्रॉमधली एक मॅच जिंकली की एक पॉइंट. मी बाबांना फोन करून रडवेल्या आवाजात सांगितलं की मॅच पूर्ण झाली नाही हो, तर ते म्हणाले, "पॉइंट पूर्ण मिळाला ना?" बँकेतला माणूस. पण एका पॉइंटवर रँकिंग मिळत नाही ही गंमत अजून बाहेरच्यांना माहीत नसते. तीन वेगवेगळ्या टूर्नामेंटमध्ये पॉइंट पाहिजेत, नाहीतर एकूण दहा तरी झाले पाहिजेत, तेव्हा लिस्टमध्ये नाव. आणि प्रत्येक पॉइंट बरोबर ५२ आठवडे जगतो, मग जातो. माझा दुसरा पॉइंट यायला सात महिने लागले. तिसरा आला तेव्हा पहिल्याला जायला दोन आठवडे राहिले होते. त्या सोमवारी बाबांनी लिस्ट उघडली, हजाराच्या कुठेतरी पुढे माझं नाव, त्यांनी बँकेच्या प्रिंटरवर ते एकच पान काढलं आणि पिवळ्या स्केचपेनने रेघ मारली. बँकेत पेढे वाटले, सातारचेच, कंदी. दोन आठवड्यांनी मी लिस्टमधून बाहेर. पेढे परत मागता येत नाहीत.

आता वही. बाबांनी पहिल्या दिवसापासून एक लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही ठेवली होती, दुकानदार ठेवतात तसली. डावीकडे जावक, उजवीकडे आवक. जावकेची पानंच्या पानं भरायची, उजवी बाजू कोरी म्हणून कधीकधी तिच्यावर पण जावकच लिहायचे. २०१५ च्या सुरुवातीला आई आणि मी इजिप्तला शर्म अल शेखला गेलो होतो, तीन आठवडे. तिथे, तसंच तुर्कस्तानात अंताल्याला, नंतर ट्युनिशियात मोनास्तिरला, दर आठवड्याला टूर्नामेंट असायची, एकाच रिसॉर्टवर. तुम्ही जायचं, राहायचं, हरायचं, पुढच्या सोमवारी परत नवा ड्रॉ. त्या ट्रिपचं पान मला तोंडपाठ आहे. दोघींचं विमान, व्हिसा, इन्शुरन्स, एकवीस दिवसांचं हॉटेलचं पॅकेज माणशी रोज पन्नास-साठ युरोने, दर टूर्नामेंटची एंट्री फी, गटिंग (रॅकेटच्या तारा परत विणणं), सगळं मिळून अडीच लाखांच्या वर. आवक: पहिल्या आठवड्याला पहिल्या राऊंडला हरले ९८, दुसऱ्याला एक मॅच जिंकले १९६, तिसऱ्याला परत ९८. तीनशे ब्याण्णव डॉलर, तेव्हाच्या भावाने पंचवीस हजार, त्यातून पण टॅक्स कापलेला. आणि ही चांगली ट्रिप होती! एक पॉइंट आला होता. बाबांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "१ पॉइंट" आणि पुढे रक्कम नाही, नुसती रेघ.

पुढे कधीतरी मी वाचलं की २०१३ सालचे आकडे घेऊन आयटीएफने स्वतःच अभ्यास केला होता. वर्षभर फिरायला, विमान, हॉटेल, जेवण, गटिंग, कपडे धुण्यापर्यंत धरून एका बाईला सरासरी ४०,१८० डॉलर लागत होते, त्यात कोचचा खर्च धरलेलाच नाही. आणि बायकांमध्ये खर्च-जमा बरोबरीत सुटायची ती साधारण २५३ व्या नंबरला. पुरुषांमध्ये ३३६. म्हणजे जगात अडीचशेवी येणारी बाई, कोच न ठेवता, जेमतेम ना नफा ना तोटा. मी बाबांना वाचून दाखवलं तर ते हसले, म्हणाले आपण मग तोट्यात होतो ते नियमाप्रमाणेच होतो.

गटिंगवरून आठवलं, खेळाडूचा पैसा खरा कुठे जातो तर तारांत. मी पॉली (पॉलिएस्टरची तार) वापरायचे, ५२ पौंडाच्या ताणाला, आठवड्याला तीन-चार रॅकेटा तरी परत विणायला लागायच्या, आणि टूर्नामेंटच्या जागी स्ट्रिंगर जे दर लावतो ते बघून बाबांनी २०१३ ला एक सेकंडहँड मशीन घेतलं आणि आईला शिकवलं. शिवणकाम करणारी बाई, तिने चार दिवसांत उचललं. पुढे पुण्यातली दहा-बारा मुलं आईकडे गटिंगला यायला लागली, म्हणजे आमच्या घरात टेनिसमधून नियमित कमवणारी पहिली व्यक्ती माझी आई.

फिरण्याबद्दल लोकांना वाटतं मज्जा. मी अकरा देश बघितले असं म्हणतात, मी अकरा देशांतली कोर्टं बघितली, लॉन्ड्री बघितली. शर्मला समुद्र अर्ध्या तासावर, एकदाही पाय भिजवले नाहीत, आई म्हणायची पाणी अंगात मुरेल. २०१६ पासून आईचं तिकीट परवडेना म्हणून मी एकटी जायला लागले आणि रूम शेअर करायची ती दुसऱ्या मुलींबरोबर, जिच्याबरोबर रात्री मेतकूट-भात (बॅगेत छोटा राईस कुकर, तो नसेल तर भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी) खाल्ला तिच्याशीच सकाळी पहिली राऊंड. थायलंडमध्ये हुआ हिनला एकदा असं झालं, मी जिंकले, आणि रात्री दोघी एकाच खोलीत, ती भिंतीकडे तोंड करून. पंधरा मिनिटांनी म्हणाली, भात आहे का गं. ती गुजरातची होती, आता तिला दोन मुलं आहेत, अजून बोलतो आम्ही.

युरोप तर आम्हाला जवळजवळ बंदच. लिस्ट लागते अडीच आठवडे आधी, शेंगेनच्या व्हिसाला कमीत कमी पंधरा दिवस धरा, अपॉइंटमेंट मिळायला वेगळे. मग ऑल्टरनेट असताना व्हिसा काढायचा की नाही? काढला आणि आत आलेच नाही तर? पोलंडची मुलगी आदल्या दिवशी ट्रेनमध्ये बसून साईन-इनला येते. क्लेवर खेळायला शिकलेली मी, आणि क्लेच्या टूर्नामेंट जिथे सगळ्यात जास्त तिथेच मला जाता यायचं नाही.

पाळीचं पण लिहिते, कारण कोणी लिहीत नाही. औरंगाबादला एकदा पांढरा स्कर्ट, दुसरा दिवस, तिसरा सेट, आणि टॉयलेट ब्रेक आधीच वापरून झालेला. प्रत्येक चेंजओव्हरला मी टॉवेल मांडीवर घेऊन बसत होते आणि डोक्यात स्कोअर नाही, फक्त डाग. हरले. सरांना कारण सांगितलं नाही, ते म्हणाले फोकस नव्हता. त्यानंतर मी आयुष्यात पांढरं घालून खेळले नाही, कपाटात नेव्ही ब्लू आणि काळे स्कर्ट भरले.

आणि ते मेसेजेस. आमच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे सात माणसं, त्यातली दोन वॉचमन, पण स्कोअर पॉइंटगणिक जगभर जायचा आणि त्यावर बेटिंग लागायचं. मोनास्तिरला मी दुसऱ्या सेटमध्ये पाच-दोन पुढे असून हरले, रूमवर येऊन फोन उघडला तर इन्स्टाग्रामवर एकोणचाळीस मेसेज. कुठल्या कुठल्या भाषांतले, आईवरून, मरणावरून, एकाने हॉटेलचं नाव लिहिलेलं. ज्यांना माझं आडनाव उच्चारता येणार नाही असल्या लोकांचे माझ्या डबल फॉल्टवर पैसे बुडालेले. घरी सांगितलं नाही. फिक्सिंगवरचा ऑनलाईन कोर्स आम्हाला सक्तीचा होता, कोणी पैसे देऊ केले तर कुठे कळवायचं वगैरे सगळं त्यात होतं, पण रात्री दोन वाजता एकटीने ते मेसेज वाचायचे कसे ते नव्हतं.

मी चांगली होते का? हा प्रश्न मला नोव्हेंबर २०१७ ला मिटला. मुंबईला सीसीआय क्लबवर डब्ल्यूटीएची टूर्नामेंट आली होती, १२५ ची, म्हणजे मुख्य टूरच्या एक पायरी खालची. मी तिथल्या खेळाडूंना प्रॅक्टिस द्यायला, हिटिंग करायला म्हणून गेले होते, सेशनप्रमाणे पैसे, आणि मधल्या वेळात जाळीपाशी उभी राहून बघायचे. एक बेलारूसची उंच मुलगी, एकोणीस वर्षांची, तिचं नाव तेव्हा आपल्याकडे कोणाला माहीत नव्हतं, आर्यना सबालेंका. तिच्या रॅकेटवर बॉल लागायचा त्याचा आवाजच वेगळा होता. मी पंधरा वर्षं तोच बॉल मारत होते, माझ्या रॅकेटमधून तो आवाज कधी एकदाही आला नव्हता. ती टूर्नामेंट तीच जिंकली. मला वाईट वाटलं नाही, खरंच, उलट डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. शिवनेरीने परत येताना मी झोपले ते थेट वाकडला जाग आली.

पण टेनिस असं आहे की लगेच दुसरी बाजू दाखवतं. पुढच्याच वर्षी अंकिता पहिल्या दोनशेत गेली, भारताची फक्त पाचवी मुलगी, वय २५, माझ्याच वयाची. तिच्याकडे पण तो आवाज नव्हता, पण पाय होते आणि चिवटपणा होता, आणि ती पंचवीस हजारांच्या टूर्नामेंट वर्षानुवर्षं खेळत राहिली, कंटाळली नाही. मग मला परत वाटायला लागलं की एक वर्ष अजून. बाबा म्हणाले बघ. आई म्हणाली स्थळ आलंय, मुलगा आयटीत आहे, त्याला चालेल म्हणतात टेनिस. चालेल म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मावशीचं आपलं वेगळंच, अगं रंग बघ काय झालाय उन्हाने. मनगट २०१६ पासून दुखतच होतं, सात महिने त्यातच गेले होते, बॅकहँडला टेप लावूनच उभी राहायचे, पण २०१८ च्या शेवटी शेवटी मी बरं खेळले, चार टूर्नामेंटमध्ये पॉइंट आले. तोवर दहा हजारवाल्या टूर्नामेंट पंधरा हजाराच्या झाल्या होत्या, पहिल्या राऊंडचे ९८ चे १४७.

आणि मग २०१९ च्या जानेवारीत नवी पद्धत आली, ट्रान्झिशन टूर. त्यामागचा विचार ऐकायला चुकीचा नव्हता, की जगात प्रोफेशनल म्हणवणारे हजारो आहेत, पोट भरतं मूठभरांचं, तर खालचा थर वेगळा काढा. म्हणून पंधरा हजाराच्या टूर्नामेंटला डब्ल्यूटीए पॉइंट बंद, त्याऐवजी वेगळे आयटीएफ पॉइंट, वेगळी लिस्ट. क्वालिफाइंगचा ड्रॉ पण एकदम लहान, २४ जणींचा. माझे सगळे पॉइंट पंधरा हजारवालेच. एका सोमवारी मी झोपेतून उठले आणि मला रँकिंगच नव्हतं. हरून नाही गेलं, नियमाने गेलं. बाबांनी लिस्ट खालपर्यंत दोनदा बघितली, मग सर्चमध्ये नाव टाकून बघितलं, मग मला विचारलं, "तू स्पेलिंग बदललंस का?"

मार्चपर्यंत रेटलं. शेवटची मॅच मोठी काही नव्हती, क्वालिफाइंगची पहिली राऊंड, तिसऱ्या सेटऐवजी दहाचा टायब्रेक, तो मी दहा-सात हरले. पुढच्या गुरुवारी मी सातला लॅपटॉप उघडला, लिस्ट बघितली, सव्वासातला बंद केला आणि आईला म्हटलं साबुदाणा वाढ. ती काही बोलली नाही. उपास माझा नव्हता. रिटायरमेंट वगैरे शब्द आमच्या पातळीवर कोणी वापरत नाही, प्रेस कॉन्फरन्स कोण घेणार, पुढच्या वर्षी आयपिनची फी भरली नाही इतकंच. वहीत बाबांनी बेरीज केली का ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी दाखवली नाही, वही कपाटात वरच्या कप्प्यात आहे, आईच्या पैठणीच्या खाली.

जूनपासून मी वारज्याला एका सोसायटीच्या कोर्टवर शिकवायला लागले. पहिल्या महिन्याची फी हातात आली ती मी मोजून बघितली, आठ वर्षांत पहिल्यांदा महिना जमेच्या बाजूला. आता दोन कोर्टं आहेत, चाळीसेक मुलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कपच्या (बायकांची देशादेशांतली टीम स्पर्धा) मॅचेस होत्या तेव्हा मी सगळ्या पोरींना घेऊन गेले होते. श्रीवल्ली भमिडिपाटीने त्या आठवड्यात पाचच्या पाच सिंगल्स जिंकल्या, स्टँडमध्ये घसा बसेपर्यंत ओरडलो, माझ्या बॅचमधल्या दोघी घरी जाऊन म्हणाल्या आम्हाला शाळा सोडायचीय. त्यांच्या आया मला फोन करून ओरडल्या. मी त्यांना सांगते तेच सांगितलं: शाळा सोडू नका, चौदा-पंधराव्या वर्षी ज्युनिअर आयटीएफ खेळवा, अमेरिकेच्या कोचचा मेल आला तर त्याच दिवशी उत्तर द्या, आणि घरातल्या एकाने गटिंग शिकून घ्या.

एक राहिलं. त्या नव्या पद्धतीवर सगळीकडून एवढी बोंब झाली की सहा-सात महिन्यांतच ती मागे घेतली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जुने पॉइंट परत धरायला लागले, आदल्या वर्षाच्या ऑगस्टपर्यंतचे मागचेही. सोमवारची संध्याकाळ होती, मी बास्केटमधून बॉल फीड करत होते, समोर सहा वर्षांच्या पोरांची रांग. बाबांचा फोन आला. सोमवारी लिस्ट बघायची त्यांनी सोडली नव्हती हे मला तेव्हा कळलं.

"तुझं नाव आलंय बघ परत."

"आता काय करायचंय त्याचं?"

"काही नाही. सांगितलं आपलं." मग थोडं थांबून, "डिसेंबरपर्यंत राहील तसं."

रांगेतला पुढचा पोरगा रॅकेट दोन्ही हातांत धरून केव्हाचा वाट बघत होता, मी फोन खिशात टाकला आणि त्याला बॉल टाकला.